निरोगी हृदयाचे दुखणे

भीती हा मनाचा विकार आहे असे शास्त्रकार सांगतात. परंतु मराठी भाषेने भीतीचे वास्तव्य नेहमी शरीरातच पाहिले आहे. भ्यालेल्या माणसाच्या छातीत धडकी भरते, पोटात गोळा उठतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, अंगाला दरदरून घाम सुटतो आणि काळजाचे पाणी पाणी होते. ह्यांपैकी एकाही वाक्प्रचारात ‘मन’ हा शब्द नाही. ज्या अनामिक माणसांनी हे प्रयोग रूढ केले, त्यांचे निरीक्षण अचूक होते ह्यात शंका नाही. मात्र पाश्चात्य वैद्यकाला हीच साधी गोष्ट उमजावयास जवळजवळ एक शतक लागले, आणि त्या शतकातील पुष्कळसा शोध शांत प्रयोगशाळेत न होता लष्करी रुग्णालयांत झाला.

ज्या विकाराचा हा इतिहास आहे तो वरवर पाहता विलक्षण आहे. धडधाकट दिसणारा एखादा माणूस आगगाडीच्या डब्यात, सभागृहात किंवा मध्यरात्री आपल्या अंथरुणात स्वस्थ असतो. समोर वाघ नाही, चोर नाही, वाईट बातमी घेऊन आलेला कोणी नाही. तरीही एकाएकी त्याचे हृदय जोराने धडधडू लागते. श्वास पुरेनासा होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, बोटांना मुंग्या येतात, भोवतालचे जग फिरू लागते, आणि ‘हीच आपली अखेरची घटका’ अशी त्याची खात्री होते. थोड्याच मिनिटांत हे वादळ शिखरास पोहोचते आणि मग हळूहळू ओसरते. डॉक्टर येतात, नाडी पाहतात, छाती तपासतात आणि ‘हृदय उत्तम आहे’ असे सांगून जातात. रोग्याचे मात्र समाधान होत नाही, कारण जे त्याने भोगले ते खोटे नव्हते. तो दुसऱ्या झटक्याची वाट पाहू लागतो, आणि वाट पाहणे हेच पुढे त्याचे खरे दुखणे होऊन बसते. ह्यास आज ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात. मराठीत ‘भयाचा झटका’ म्हणावयास हरकत नाही.

अशा माणसाविषयी जगाने प्रायः दोनच निर्णय दिले. एक तर त्याला हृदयरोगी ठरवून अंथरुणावर निजविले, नाही तर भित्रा ठरवून त्याची निर्भर्त्सना केली. हे दोन्ही निर्णय चुकीचे होते, आणि दोहोंची किंमत रोग्यालाच द्यावी लागली.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटले. फिलाडेल्फिया शहरातील टर्नर्स लेन ह्या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडेस दा कोस्टा नावाचे डॉक्टर काम करीत होते. त्यांच्याकडे असे अनेक तरुण सैनिक येऊ लागले, की ज्यांना गोळी लागली नव्हती, तलवारीचा वार झाला नव्हता, आणि तरीही जे लढावयास असमर्थ झाले होते. छातीत कळ, हृदयाची धडधड, दम लागणे, भोवळ येणे, निद्रानाश, ह्या त्यांच्या तक्रारी. कित्येकांना धडधडीचा झटका रात्री झोपेतून उठवी. डाव्या कुशीवर निजणे त्यांना असह्य होई. दा कोस्टा ह्यांनी तीनशेहून अधिक रोगी काळजीपूर्वक अभ्यासिले आणि आपला प्रबंध १८७१ साली प्रसिद्ध केला. ह्या अवस्थेस त्यांनी ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. हृदयाच्या रचनेत त्यांना दोष आढळला नाही. दोष होता तो हृदयाच्या वर्तनात. कूच करण्याचे अतिश्रम, ताप, अतिसार ही कारणे त्यांनी नोंदविली, आणि विश्रांती व डिजिटॅलिससारखी औषधे हा उपाय योजिला. असेच रोगी आपणांस सामान्य नागरिकांतही आढळतात, असेही ह्या चौकस डॉक्टरांनी लिहून ठेविले आहे. परंतु प्रबंध सैनिकांविषयी असल्यामुळे ह्या वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास, म्हणजे १८७० साली, आर्थर मायर्स ह्या लष्करी डॉक्टरांनी सैनिकांच्या हृदयविकारांवर पुस्तक लिहिले. त्यांनी आपला रोख सैनिकाच्या पोषाखावर ठेविला. घट्ट गळपट्टी, छातीवरून आवळलेले पट्टे, पाठीवरील ओझे, ह्यांमुळे छाती दबते आणि हृदयावर ताण पडतो, असा त्यांचा निष्कर्ष. ही कल्पना हास्यास्पद नव्हती. त्या काळचा गणवेष खरोखरच जाचक होता. तरीपण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या माणसांनी मृत्यू हाताच्या अंतरावर पाहिला होता, त्यांच्या धडधडत्या हृदयाचे कारण शोधताना विद्वानांची दृष्टी पट्ट्यांपर्यंत गेली, ओझ्यापर्यंत गेली, परंतु भयापर्यंत गेली नाही. शूर सैनिकाला भय वाटते असे म्हणणे हाच जणू त्याचा अपमान होता.

ज्या १८७१ साली दा कोस्टा ह्यांचा प्रबंध निघाला, त्याच साली बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल ह्या मनोविकारतज्ज्ञांनी तीन पुरुषांची हकीकत प्रसिद्ध केली. मोकळा चौक ओलांडण्याची वेळ आली की ह्या तिघांना विलक्षण भीती वाटे. आपली भीती निराधार आहे हे ते जाणून होते, तरी त्यांची पावले पुढे पडत नसत. वेस्टफाल ह्यांनी ह्या विकारास ग्रीक शब्दांवरून ‘ॲगोराफोबिया’ हे नाव दिले. अशा रीतीने एकाच वर्षी एका डॉक्टराने झटक्याचे शरीर पाहिले आणि दुसऱ्याने झटक्याचे भय पाहिले. परंतु एक हृदयाचा वैद्य होता व दुसरा मनाचा, त्यामुळे ही दोन अर्धी सत्ये परस्परांना भेटावयास पुढे कित्येक वर्षे गेली. १८९५ साली व्हिएन्नाच्या सिग्मुंड फ्रॉइड ह्यांनी चिंतेचा विकार इतर मज्जादौर्बल्यापासून वेगळा काढला, आणि धडधड, धाप, घाम, भोवळ ही त्याच विकाराची रूपे असू शकतात असे लिहिले. पण लष्करी रुग्णालयांच्या दारापर्यंत तो विचार लवकर पोहोचला नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि दा कोस्टा ह्यांचे रोगी जणू हजारोंच्या संख्येने पुन्हा जन्मास आले. ब्रिटिश सैन्यातून हृदयविकाराच्या नावाखाली इतके तरुण परत येऊ लागले की सरकारला स्वतंत्र सोय करावी लागली. १९१६ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात हृदयाच्या रोग्यांसाठी लष्करी रुग्णालय उघडण्यात आले. पुढे १९१७ साली ते कोल्चेस्टर येथे हलविले. तेथील संशोधनाची धुरा टॉमस लुइस ह्या तरुण हृदयतज्ज्ञावर होती. लुइस ह्यांनी हृदयाच्या विद्युल्लेखाचे शास्त्र उभारण्यात मोठा वाटा उचललेला होता. त्यांच्याइतका हृदयाचा जाणकार त्या वेळी क्वचितच असेल. त्यांनीही तपासले आणि बहुसंख्य सैनिकांची हृदये निरोगी असल्याचे सांगितले.

लुइस ह्यांच्या कार्यातील दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली नावाची. लष्करी कागदपत्रांत ह्या रोग्यांपुढे ‘हृदयाची बिघडलेली क्रिया’ असा शेरा मारण्याचा प्रघात होता. नुसत्या ह्या शेऱ्यानेच तरुण माणसाचे धैर्य खचे. आपले हृदय बिघडले आहे असे सरकारी शिक्क्यानिशी कळल्यावर कोण निश्चिंत झोपेल? म्हणून लुइस ह्यांनी ‘हृदय’ हा शब्दच टाळून ‘श्रमजन्य लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नवे नाव सुचविले. १९१८ साली त्यांनी ह्या विषयावर जे पुस्तक लिहिले, त्यात ते नाव रूढ केले. दुसरी गोष्ट उपचाराची. अशा माणसांना महिनोन्महिने अंथरुणात ठेवण्याऐवजी त्यांनी क्रमाक्रमाने वाढत जाणारी कवायत सुरू केली. आज थोडी, उद्या त्याहून अधिक. धडधडत्या हृदयानिशी चालावयाचे, आणि हृदय बंद पडत नाही हा अनुभव स्वतःच घ्यावयाचा. पुष्कळजण ह्या रीतीने पुन्हा कामाला लागले. भय हेच मूळ आहे असे लुइस ह्यांनी मानले नाही. तथापि त्यांचा उपाय त्यांच्या उपपत्तीहून अधिक शहाणा होता.

परंतु प्रत्येक सैनिकाच्या वाट्याला कोल्चेस्टरची कवायत आली नाही. भयाने गलितगात्र झालेल्या माणसासाठी लष्कराजवळ आणखी एक शब्द होता, तो म्हणजे भ्याडपणा. त्या महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा इत्यादि आरोपांखाली ज्यांना आपल्याच सैन्याने गोळ्या घालून ठार केले, अशा ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली कायद्याने मरणोत्तर माफी दिली. त्या सर्वांना हाच विकार होता असे नव्हे. तथापि त्यांच्यांतील काही खरोखर आजारी होते हे मान्य करावयास नव्वद वर्षे लागली. चुकीच्या शब्दाची किंमत किती जबर असू शकते, हे ह्यावरून समजेल.

इकडे हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन ह्यांनी भीतीचे शरीरशास्त्र उलगडण्यास प्रारंभ केला होता. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सार असे: संकट दिसताच मूत्रपिंडावरील ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जलद चालते, कारण स्नायूंना रक्त हवे असते. पचनक्रिया थांबते, कारण ती वेळ जेवण पचविण्याची नसते. शरीर झगडण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते. म्हणजे छातीतील धडकी हा बिघाड नसून चोख व्यवस्था आहे. भयाच्या झटक्यात हीच व्यवस्था शत्रू नसताना जागी होते. गुरखा दक्ष आहे, घंटाही उत्तम आहे. फक्त घंटा भलत्या वेळी वाजली आहे. श्वास भराभर घेतल्यामुळे रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो, आणि त्यामुळे भोवळ व मुंग्या येतात. माणूस ह्या मुंग्यांना अर्धांगाची सुरुवात समजतो, अधिकच घाबरतो, आणि अधिकच भराभर श्वास घेतो. चक्र पुरे होते.

हे चक्र कसे तुटते, ह्याचे उत्तर शेवटी एका रोग्यानेच शोधले. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९०३ साली क्लेअर वीक्स ह्यांचा जन्म झाला. त्या मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ. सरड्यांच्या जातीतील प्राण्यांच्या गर्भधारणेवर त्यांनी संशोधन केले, आणि १९३० साली सिडनी विद्यापीठाची ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. परंतु त्याआधी, विशीत असताना, त्यांच्यावर एक विचित्र प्रसंग गुदरला. घशाच्या विकारानंतर प्रकृती ढासळली, आणि डॉक्टरांनी क्षयाचे निदान करून त्यांना काही महिने आरोग्यधामात ठेविले. ते निदान चुकीचे होते. पण त्या सक्तीच्या विश्रांतीत, मृत्यूच्या सावलीत, त्या तरुण विदुषीला आपल्या हृदयाची धडधड ऐकू येऊ लागली, आणि एकदा ऐकू येऊ लागल्यावर ती थांबेना. क्षय गेला, म्हणजे तो नव्हताच. हृदयाचे भय मात्र बरोबर आले.

शिष्यवृत्ती मिळवून वीक्स लंडनला गेल्या. तेथे पहिल्या महायुद्धात लढलेला एक मित्र त्यांना भेटला. आपले हृदय सारखे धडधडते आणि त्याने आपण हैराण झालो आहो, हे त्यांनी त्याला सांगितले. त्याला त्यात आश्चर्य वाटले नाही. खंदकांत आम्हा सर्वांचे असेच होत असे, असे तो म्हणाला. ती केवळ भीती आहे, आणि तुम्ही त्या धडधडीलाच भीत असल्यामुळे ती चालू राहिली आहे, हा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ होता. मोठमोठ्या तज्ज्ञांना जे सुचले नाही ते एका सैनिकाने चहाच्या वेळी गप्पा माराव्यात तितक्या सहजतेने सांगितले. वीक्स ह्यांना ते तत्काळ पटले, आणि कित्येक महिन्यांचे दुखणे उतरणीस लागले. पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला, आणि १९४५ साली वयाच्या चाळिशीनंतर त्या डॉक्टर झाल्या.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मिल हिल येथे पुन्हा तेच रोगी जमले. ह्या वेळी त्यांना तपासणारे पॉल वुड हे हृदयतज्ज्ञ होते. वुड ह्यांचा जन्म १९०७ साली हिंदुस्थानात, निलगिरीतील कुन्नूर येथे झालेला. १९४१ साली त्यांनी आपल्या व्याख्यानांतून निःसंदिग्धपणे सांगितले, की ही लक्षणे श्रमाची नव्हेत, भावनेची आहेत. मुख्यतः भयाची आहेत. हृदयाविषयीच्या भीतीला डॉक्टरांचे बेसावध उद्गार आणि अनावश्यक काळजी ह्यांनीही खतपाणी मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. हृदयाच्याच वैद्याने ‘हा रोगी माझा नव्हे’ असे म्हटले, आणि दा कोस्टा व वेस्टफाल ह्यांची अर्धी सत्ये सत्तर वर्षांनी एकमेकांना भेटली.

वीक्स ह्यांचे पुस्तक १९६२ साली निघाले. ते विद्वानांसाठी नव्हते, रोग्यांसाठी होते. त्यांचे म्हणणे असे, की भीती एक नसून दोन असतात. पहिली भीती शरीराची. ती विजेसारखी येते आणि तिच्यावर माणसाचा ताबा नसतो. दुसरी भीती माणूस स्वतः तिच्यात ओततो: ‘अरे बापरे, पुन्हा आले! आता काय होणार?’ पहिली आपली आपण विझते. दुसरी तिला तेल पुरविते. म्हणून त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. झटक्याला पाठ दाखवू नये, सामोरे जावे. त्याच्याशी कुस्ती खेळू नये, तो आहे हे मान्य करावे. अंग ताठ न करता, पोहणारा पाण्यावर स्वस्थ पडून राहतो तसे त्याच्यावर तरंगावे. आणि चौथी गोष्ट, वेळ जाऊ द्यावा. आजच बरे झाले पाहिजे असा हट्ट धरू नये.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण मराठी घराघरांत लहानपणीच ऐकावयास मिळते. तिचा उपयोग बहुधा थट्टेसाठी होतो, परंतु वीक्स ह्यांच्या उपदेशाचे सार तिच्यात आलेले आहे. ब्रह्मराक्षस पाठीमागे लागतो तो पळणाऱ्याच्या. एकदा बाजारात झटका आला म्हणून बाजार सोडला, गाडीत आला म्हणून गाडी सोडली, देवळात आला म्हणून देऊळ सोडले, तर शेवटी माजघरच तेवढे उरते, आणि मग तो माजघरातही येतो. वेस्टफाल ह्यांच्या चौक न ओलांडणाऱ्या पुरुषांचे हेच झाले होते.

वीक्स ह्यांची रीत कित्येक मनोविकारतज्ज्ञांना फार भाबडी वाटली. तथापि पुढील संशोधन बऱ्याच अंशी त्याच दिशेने गेले. १९५९ सालापासून न्यूयॉर्कमधील हिलसाइड रुग्णालयात डोनल्ड क्लाइन हे इमिप्रामिन नावाच्या नव्या औषधाचा प्रयोग करीत होते. ‘मेलो, मेलो’ म्हणत वारंवार परिचारिकांकडे धावत येणारा रोगी हे औषध सुरू झाल्यावर धावत येईनासा झाला, हे प्रथम त्या परिचारिकांच्याच ध्यानात आले. झटके थांबले होते, पण ‘झटका येईल’ ही धास्ती मात्र औषधाने तितकीशी हटली नव्हती. झटका वेगळा आणि झटक्याची धास्ती वेगळी, हा भेद अशा रीतीने पक्का झाला. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ह्या विकारास स्वतंत्र स्थान मिळाले. १९८६ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क ह्यांनी दाखविले, की शरीरातील निरुपद्रवी संवेदनेचा ‘हा सर्वनाश आहे’ असा अर्थ लावल्याने झटका वाढतो; तो अर्थ बदलावयास शिकविले की झटका दुबळा होतो. विचारांची ही शिकवण, टाळलेल्या ठिकाणी क्रमाने परत जाण्याचा सराव, आणि जरूर तेथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध, हे आजचे प्रस्थापित उपचार आहेत. लुइस ह्यांच्या कवायतीचे हे सुधारलेले रूप म्हटले तरी चालेल.

ह्या इतिहासातून एक भलताच निष्कर्ष मात्र काढता कामा नये. प्रत्येक धडधड ही भीतीच असते असे नव्हे. निरोगी हृदयांची बाजू मांडणारे पॉल वुड स्वतः १९६२ साली, वयाच्या ५४व्या वर्षी, खऱ्याखुऱ्या हृदयविकाराच्या झटक्याने निवर्तले. म्हणून पहिल्या वेळी छातीची तपासणी करून घेणे हे शहाणपणाचेच आहे. परंतु नीट तपासणी होऊन डॉक्टरांनी हृदय निर्दोष ठरविल्यावर, ‘आणखी एकदा दाखवू या’ ह्या मार्गाला अंत नाही. तेथून पुढची वाट मनोविकारतज्ज्ञाकडे जाते, आणि त्या वाटेने जाण्यात कमीपणा नाही. आपल्या देशात २०२२ साली सरकारने ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली असून १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

घरातील माणसांचे कर्तव्यही ह्या कथेवरून स्पष्ट होते. ‘उगाच काहीतरी मनाला लावून घेतोस’ असे म्हणून वडीलधारी माणसे रोग्याला एकटे पाडतात, आणि ‘तू हलू नकोस, आम्ही आहो’ असे म्हणून त्याला पांगळे करतात. पहिले वाक्य मायर्स ह्यांच्या काळातील सैन्याधिकाऱ्याचे आहे, दुसरे चुकीच्या निदानाने निजवून ठेवणाऱ्या डॉक्टराचे. लंडनमधील त्या मित्राने ह्या दोहोंपैकी एकही वाक्य उच्चारले नाही. त्याने दुखणे खरे मानले, त्याचे नाव सांगितले, आणि ते आपल्यालाही होत असे हे मोकळेपणाने कबूल केले. त्या कबुलीतच अर्धा उपचार होता.

क्लेअर वीक्स १९९० साली वारल्या. आपल्याला उतारवयातही रात्री कधीकधी झटका येतो, असे त्या निःसंकोचपणे सांगत. मात्र त्याबद्दल कोणी हळहळलेले त्यांना खपत नसे. झटका येई, थोडा वेळ राही आणि जाई, आणि त्यांच्या दिनक्रमात काडीचाही फरक पडत नसे. ब्रह्मराक्षस मेला नव्हता. परंतु पुढे पळणारे कोणी उरले नाही, म्हणून त्याचा पाठलाग संपला होता.